साठ टक्के हात

धम्मदीपला एक कीबोर्ड घ्यायचा होता. गोष्ट एवढीच. गंगाखेडात माणूस प्लॉट घेतो, म्हैस घेतो, जुना ट्रॅक्टर घेतो, आणि अशा प्रत्येक खरेदीवर गल्लीला बोलायचा पूर्ण हक्क असतो. कीबोर्डवर मात्र कोण काय बोलणार? तो आपला गुपचूप मागवावा आणि माडीवरच्या टेबलावर ठेवून द्यावा, असा त्याचा साधा बेत होता. अवघड बेत माणूस दोनदा तपासून बघतो. हा साधा होता, म्हणून धम्मदीपने तो तपासला नाही.

कारण होतं उजवं मनगट. पुण्यातल्या एका कंपनीसाठी प्रोग्राम लिहायचं काम तो घरूनच करायचा. नाष्टा करून माडीवर चढायचा आणि दिवसभर लॅपटॉपवर वाकून बसायचा. हे काम आहे की नाही यावर गल्लीत दोन मतं होती, आणि त्यांतलं 'आहे' हे मत एकट्या धम्मदीपचं होतं. शेजारच्या बायनाबाई तर दुपारी हमखास खालून हाक मारायच्या, "दिपू, रिकामाच हायस तर तेवढा सिलेंडर आत घे बरं." मग तो मीटिंगमधल्या साहेबांना "एक मिनिट हं" म्हणून खाली उतरायचा. लॅपटॉप आणि सिलेंडर या दोघांनी मिळून त्याचं मनगट धरलं होतं. दिवस कलला की अंगठ्यापासून कोपरापर्यंत एक कळ जायची. ती त्याने घरात कुणाला सांगितली नव्हती. त्याचे वडील तात्याराव यांनी साखर कारखान्यात उसाच्या गव्हाणीपाशी उभं राहून नोकरी काढली होती. त्या घरात खुर्चीवर बसून हात दुखतो, हे सांगायचं कोणत्या तोंडाने?

सांगितलं फक्त बालाजीला. बालाजी मूळचा वालूरचा, आता पुण्यात, धम्मदीपच्याच टीममध्ये. त्याने फोनवरच इलाज सांगितला, "छोटा मेकॅनिकल कीबोर्ड घे. उजवीकडचा आकड्यांचा सगळा भाग छाटून टाकलेला असतोय. माउस जवळ येतो, हात बाहेर फेकावा लागत न्हाई. माझं दुखणं त्यानंच गेलं."

इथून धम्मदीपच्या आयुष्यात टक्के आले. या कीबोर्डांची ओळखच टक्क्यांवरून होते. सगळी बटणं असलेला थोरला कीबोर्ड म्हणजे शंभर टक्के. आकड्यांचा उजवा भाग काढून बाकीचं दाटीवाटीनं बसवलं की पंच्याहत्तर. वरची एफवाली रांग उडवली, पण बाण ठेवले, की पासष्ट. बाणही गेले की साठ. आणि चाळीस टक्क्यांवर तर एक, दोन, तीन असे साधे आकडेही जागेवर राहत नाहीत. जे लागेल ते दुसरं एक बटण दाबून धरून, खालच्या थरातून उकरून काढायचं. चाळीस टक्के वापरणारी माणसं जगात आहेत आणि ती सुखी आहेत, असं बालाजी म्हणाला. धम्मदीपने त्यांच्याबद्दल आदर बाळगला आणि पुढे गेला.

खरा पेच बाणांचा होता. एफवाली रांग तो क्वचित वापरायचा. उजवीकडचे आकडे कधी दाबल्याचं आठवतच नव्हतं. पण बाणांशिवाय कसं करायचं? त्याने आपल्याच हातांवर पाळत ठेवली. काम करता करता थांबायचं आणि आत्ता कोणतं बटण दाबलं ते आठवायचं. यात कंपनीचं काम मागे पडलं, पण स्वतःबद्दल बरीच माहिती मिळाली. आपण लिहितो कमी आणि लिहिलेलं दुरुस्त करायला मागे जास्त जातो, हे त्याच्या प्रथमच लक्षात आलं. बाण लागायचे ते त्यासाठीच. ओळ लिहायची, चुकली वाटायची, मागे जायचं, एक कंस घालायचा, पुढे यायचं, पुन्हा मागे जायचं. हे फक्त प्रोग्राममध्येच होतं का, की एकूणच आपलं असं आहे, यावर तो गच्चीवर उभा राहून बराच वेळ विचार करत राहिला. कीबोर्ड घ्यायला निघालेला माणूस एवढ्या खोलात का शिरला, असं कुणाला वाटेल. पण ज्या वस्तूवर आपली बोटं पुढची कित्येक वर्षं राहणार, तिच्यातलं काय सोडायचं ते ठरवताना माणसाला थोडं स्वतःकडे बघावंच लागतं.

त्याला पंच्याहत्तरवाला आवडला होता, पण तो संपला होता. पासष्टवाला फक्त गुलाबी रंगात शिल्लक होता. राहिला साठ टक्के. त्यातही आतले स्विच कोणते घ्यायचे हा प्रश्न होता: लाल मऊ, तपकिरी मधले आणि निळे खटखट वाजणारे. हे त्याने जेवताना सहज, कशाचं ते न सांगता विचारलं.

"पप्पा, लाल, तपकिरी का निळा?"

"निळा," तात्याराव ताटातून मान वर न करता म्हणाले.

"कशाचा ते तर ऐका."

"कशाचाबी असू दे. निळा."

जय भीमवाल्या घरात या प्रश्नाचं दुसरं उत्तर येणार नव्हतं, हे त्याला आधीच कळायला हवं होतं. तेव्हा आवाजाचं कलम घरच्या घरीच मंजूर झालं.

आता सोनपेठचं सांगायला हवं, कारण खरा जीव तिकडे अडकला होता. सिद्धोधन मामाने सोनपेठचं एक स्थळ आणलं होतं. मुलगी संघप्रिया, तिथल्याच एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन. बघण्याचा कार्यक्रम झाला होता. त्यात वडीलधाऱ्यांनी धम्मदीपला पगार विचारला, प्लॉट विचारला, पुण्याला कधी जाणार ते विचारलं. संघप्रियाने एकच विचारलं होतं, "दिवसभर एकट्यानं काम करता, तर मधी बोलता कुणाशी?" त्याला तेव्हा उत्तर सुचलं नाही आणि नंतर तिच्याशिवाय काही सुचलं नाही. मुलीकडचे आता घर बघायला येणार होते. ते आले, बसले, जेवले की जमलं. धम्मदीपला हे स्थळ मनापासून हवं होतं, इतकं की त्याने माडीवरची जळमटं स्वतःहून काढली. रुख्मिणीबाई, म्हणजे त्याची आई, ते बघून काय समजायचं ते समजल्या.

तर ऑर्डर द्यायच्या आधी त्याने गच्चीच्या कठड्याशी उभं राहून बालाजीला शेवटचा फोन लावला. रेंज तिथेच चांगली यायची. पलीकडच्या गच्चीवर बायनाबाई तुरीची डाळ वाळत घालत होत्या. बालाजीचं बोलणं त्यांना ऐकू येणं शक्य नव्हतं. त्यांना ऐकू आलं ते एवढं:

"डाव्याचं काय न्हाई रे, सगळा लोचा उजव्या बाजूचा हाय... न्हाई न्हाई, शंभर टक्के आता शक्यच न्हाई, झेपत न्हाई ते... पंच्याहत्तर राहिलं असतं तर लय बरं झालं असतं, पण ते आपल्या नशिबात न्हाई... साठ तर साठ. साठ टक्क्यातच भागवायचं आता... हाव, सवय होते म्हणतेत. बोटांना पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतंय फक्त... घरी न्हाई सांगितलं अजून. पप्पांना काय सांगू?"

बायनाबाईंच्या हातातली डाळ हातातच राहिली.

बायनाबाईंचं मन चांगलं होतं, हे इथेच सांगून ठेवलं पाहिजे. पोराने घरी सांगितलं नाही, तर आपण त्याच्या आईला सांगून तिचं काळीज कशाला जाळायचं, एवढा विचार त्यांनी केला. म्हणून त्यांनी रुख्मिणीबाईंना शब्दानेही काही सांगितलं नाही. बाकी सगळ्यांना सांगितलं.

धम्मदीपला दिसलं ते एवढंच, की गल्ली एकाएकी सुधारली. बायनाबाईंची सिलेंडरची हाक बंद झाली. उलट एका दुपारी त्या स्वतःच डिंकाचे लाडू घेऊन माडी चढल्या आणि "काम लय असतंय बाबा तुला, हळूहळू कर," म्हणाल्या. किराणा दुकानदार पिशवी त्याच्या डाव्या हातात अडकवून देऊ लागला. कटिंगवाल्याने खुर्चीतून उठताना काखेत हात घालून आधार दिला. समोरच्या घरातले गुरुजी तर रस्त्यात थांबून म्हणाले, "तुझी जिद्द बघून बरं वाटतं." धम्मदीपचा ऊर भरून आला. शेवटी लोकांना पटलं, घरी बसून करतात तेही कामच असतं, असं त्याला वाटलं. त्या आनंदात त्याने साठ टक्क्यांची ऑर्डर देऊन टाकली.

मग आश्रुबाकाका आले. हे बायनाबाईंचे यजमान. पंचायत समितीतून निवृत्त झालेले, आणि सरकारच्या कोणत्या योजनेला कोणता माणूस बसतो याचा त्यांना नोकरीत नव्हता एवढा उत्साह निवृत्तीनंतर आलेला.

"उद्या शिबिर हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "परभणीहून हाडाचे डॉक्टर यायलेत. हाताचं दाखवून घे. माझ्यासंगं चल, कुणाला सांगायची गरज न्हाई."

"तुमाला कसं कळलं, काका?"

"गल्लीत काय झाकून राहतंय का?"

धम्मदीप वरमला. आपण चहाचा कप डाव्या हाताने धरतो ते यांच्या नजरेत आलं असणार, असं त्याला वाटलं. हाडाचे डॉक्टर घराजवळ येतायत तर दाखवायला काय हरकत? तो गेला. मांडवात रांग होती. शिबिर कशाचं आहे ते त्याने विचारलं नाही, कारण बोर्डासमोर आश्रुबाकाकाच उभे होते. रांगेत आपल्या पुढेमागे कुबड्या, काठ्या आणि तीनचाकी सायकली दिसायला लागल्या, तेव्हा त्याला शंका आली. एका पायाच्या म्हाताऱ्याने त्याच्याकडे बघितलं, मग आश्रुबाकाकांनी त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि म्हातारा म्हणाला, "तुमी व्हा म्होरं. जवान माणसाला तकलीफ जास्त असती मनाची." धम्मदीप पुढे गेला नाही, पण रांगेतून बाहेरही पडला नाही. बाहेर पडायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

डॉक्टरांनी मनगट वळवून बघितलं, अंगठा दाबला, बोटं मिटवून उघडवली.

"काय काम करता?"

"कॉम्प्युटरवर असतो दिवसभर."

"स्नायूला ताण आहे. पट्टा बांधा, मधून मधून उठा, टेबल खाली करून घ्या. दुर्लक्ष केलंत तर वाढेल. पण इथे कशाला आलात? दिव्यांगाचं प्रमाणपत्र चाळीस टक्क्यांच्या पुढे मिळतं. तुमचं शून्य आहे."

धम्मदीप आयुष्यात कशातही शून्यावर आला नव्हता. इंजिनिअरिंगच्या गणितात एकदा काठावर होता, पण शून्य नाही. मागे उभे असलेले आश्रुबाकाका डॉक्टरांशी घासाघीस करायला लागले, "सायेब, शून्य म्हंजे लयच कमी व्हायलंय, जरा बघा की," तेव्हा तो त्यांना दंडाला धरून बाहेर घेऊन आला. उजव्या हाताने. मांडवाच्या दाराशी सोनपेठकडचं कुणीतरी उभं होतं आणि त्याने धम्मदीपला शिबिरातच मिळालेला पट्टा बांधलेल्या हातासह बघितलं, हे नंतर कळलं.

सगळा उलगडा खोक्याने केला. कुरिअरवाला आला तेव्हा खाली घरात कुणी नव्हतं, म्हणून ते आश्रुबाकाकांनी घेतलं. खोक्यावर मोठ्या अक्षरात '६०%' छापलेलं. काका ते दोन्ही हातांनी धरून आले. चेहरा असा उजळलेला की जणू स्वतःचीच पेन्शन वाढली आहे.

"शून्य म्हणत होता ना तो डॉक्टर? बग! वरून साठ मंजूर होऊन आलं. संगं सामानबी दिलंय सरकारनं."

धम्मदीप खोक्याकडे बघत राहिला. मग काकांकडे. मग लाडू, काखेतला आधार, गुरुजींची जिद्द हे सगळं एकापाठोपाठ एक त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं आणि तो जिन्यावर मटकन बसला. लोकांना त्याचं काम पटलं नव्हतं. लोकांना त्याची कीव आली होती. त्याला राग यायला हवा होता, पण आधी आली ती लाज, आणि ती कशाची होती हे त्याला नीट सांगता आलं नसतं.

"काका, हे कीबोर्डचं माप हाय. हाताचं न्हाई."

"त्यात लाजायचं काय?" काका मायेने म्हणाले. "सरकारनं दिलेलं हाय."

त्याने जितकं समजावलं तितकं ते घट्ट होत गेलं. 'शंभरचा मिळत होता, मी मुद्दाम साठचा घेतला' या वाक्यावर कुणाचा विश्वास बसणार? पैसे देऊन कमी का घेतलं, याचं पटेल असं उत्तर अख्ख्या तालुक्यात नव्हतं. घरी तात्यारावांना सांगितलं तर तेही म्हणाले, "चाळीस टक्के बटणं कुठं गेली मग? परत दे ते." संध्याकाळी त्याने ते निळे स्विच वाजवून बघितले, तर खटखट ऐकून पलीकडून बायनाबाईंचा आवाज आला, "बोटांचा व्यायाम करायलंय लेकरू."

त्याच संध्याकाळी सिद्धोधन मामाचा फोन आला. "काय ऐकायलोय मी? सूर्यभानरावांनी मला बस स्टँडवर गाठून विचारलं, पोराचा उजवा हात साठ टक्के गेलाय, हे लपवलं कामून? इकडं तर म्हणायलेत पोरानं सोताच फोनवर कबूल केलं." सूर्यभानराव म्हणजे संघप्रियाचे वडील. ते येतो म्हणाले होते, पण मामाला त्यांच्या बोलण्यात उठून जाणाऱ्या माणसाची घाई दिसली होती.

धम्मदीप त्या दिवसांत नीट जेवला नाही. त्याला स्वतःच्या अब्रूची फिकीर होती, ते तर होतंच. पण संघप्रिया येणार नाही आणि कारण एक कीबोर्ड असेल, हे त्याला सहन होत नव्हतं. त्याने तिला फोन करावा असं दहादा मनात आणलं. काय सांगणार होता? 'माझा हात एकदम ठणठणीत आहे'? ते तोंडातून निघेना. तो नवीन कीबोर्ड घेऊन बसायचा, बाणासाठी एक बटण दाबून दुसरं शोधायचा, चुकायचा, पुन्हा शोधायचा. बोटं जुन्या जागी जायची आणि तिथे काही नसायचं.

रविवारी पाहुणे आले. सूर्यभानराव, संघप्रियाची आई आणि संघप्रिया. "जय भीम, जय भीम" झालं, पाणी झालं. घरात सकाळीच बैठक होऊन डावपेच ठरले होते. विषय काढायचा नाही, हात नुसता दाखवायचा, हे मामाचं म्हणणं. त्याप्रमाणे रुख्मिणीबाई ऐन पाहुण्यांसमोर म्हणाल्या, "दिपू, तेवढा फिल्टरच्या पाण्याचा जार आत ठेव रे." भरलेला जार दाराशी मुद्दाम आणून ठेवलेला होता. माडीवर एकटा असताना बांधायचा तो पट्टा धम्मदीपने आधीच काढून खिशात टाकला होता. त्याने जार एका उजव्या हाताने उचलला, बैठकीच्या मधोमध चालत नेला, स्टँडवर ठेवला आणि वळून हसला.

"बघा!" मामा विषय काढायचा नाही हे विसरून ओरडला. "शंभर टक्के!"

"साठचं ते मशीन हाय हो," तात्यारावांनी खुलासा सुरू केला. "शंभरचं बी असतंय. पण आमच्यानं साठचंच घेतलं. बाण न्हाईत त्याला."

"बाण?" सूर्यभानराव म्हणाले.

एवढ्यात आश्रुबाकाका आत आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण शेजाऱ्याचं कार्य आपलंच असतं. "मी फुकाट बोलत न्हाई," ते सूर्यभानरावांजवळ टेकून म्हणाले, "पण टक्के जास्त असले की बसमधी सोबतीच्या माणसालाबी सवलत असती. म्हंजे सूनबाईचंबी भागलं."

मामाने कपाळाला हात लावला. सूर्यभानरावांनी बशीतला चहा तसाच ठेवला. तेव्हा संघप्रियाच म्हणाली, "मी जरा ते मशीन बघू का?"

दोघं माडीवर आली. दार उघडं ठेवलं. तिने कीबोर्डवरून बोट फिरवलं, एक बटण दाबलं, त्याचा खट आवाज ऐकला.

"याला खरंच बाण न्हाईत?"

"हायेत. दिसत न्हाईत. हे दाबून धरलं की हे चार बाण होतेत."

"म्हंजे हायेत, पण दुसऱ्याला सापडायचे न्हाईत." ती हसली नाही. खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभी राहिली. "जार ठेवताना तुमी डोळे मिटले."

धम्मदीपने उजवा हात पाठीमागे नेला.

"मी रोज लोकांना सुई टोचते. 'काय न्हाई, काय न्हाई' म्हणणारेच डोळे मिटतेत. दुखला का हात?"

"न्हाई," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. खालून मामाचा मोठमोठ्याने बोलण्याचा आवाज येत होता. सगळ्या गल्लीने त्याला लाडू दिले, आधार दिला, टक्के दिले. डॉक्टरांनी शून्य दिलं. हा प्रश्न त्याला आजपर्यंत कुणी विचारला नव्हता. विचारणार तरी कसं, त्याने कुणाला तशी सोयच ठेवली नव्हती.

"हो," तो म्हणाला. "लय दुखला. रोज दुखतोय."

"घरी माहीत हाय?"

"न्हाई."

"पप्पा येऊच नको म्हणत होते," ती म्हणाली. "मी म्हणले, जाऊ. म्हणले, बायोडाटात सगळे आपलं वाढवूनच सांगतेत. हा एक माणूस आपलं उणं सोताहून सांगायलाय. त्याला नीट बघायचं हाय मला."

धम्मदीपला इथे गप्प राहता आलं असतं. गप्प राहिला असता तर त्याचं भलंच झालं असतं, हेही त्याला कळत होतं. "ते मी सांगितलं न्हाई," तो म्हणाला. "ते कीबोर्डचं बोलणं होतं. बायनामावशीनं अर्धं ऐकलं."

आता मात्र तिला हसू आलं. ती तोंडावर ओढणी धरून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग डोळे पुसून म्हणाली, "म्हंजे जे झालं न्हाई ते गावाला माहीत हाय, आन् जे दुखतंय ते घरातबी न्हाई." ती हे चिडून बोलली नाही. त्याला मात्र ते लागलं. खाली आई होती, जिने त्याच्या भरवशावर जार दाराशी ठेवला होता.

तो खाली निघाला. जिना उतरताना त्याने खिशातला पट्टा काढून मनगटाला बांधला आणि बैठकीत जाऊन उभा राहिला. मामा बोलायचा थांबला.

"माझा हात दुखतोय," धम्मदीप म्हणाला. आवाज त्याला वाटला तेवढा खणखणीत निघाला नाही. "साठ टक्के गेला बिला काय न्हाई. पण बसून बसून दुखतोय. डॉक्टरनं सांगितलंय जपा म्हणून. मघाशी जार उचलला तेव्हाबी दुखला. तुमाला बरं दिसावं म्हणून उचलला."

रुख्मिणीबाईंनी तोंडाला पदर लावला. तात्याराव त्याच्या मनगटाकडे बघत राहिले. "मला कामून न्हाई सांगितलं?" ते म्हणाले. "गव्हाणीवर माझे दोन्ही खांदे दुखायचे रे. रोज. तुझ्या आईला इचार." रुख्मिणीबाई त्यांच्याकडे वळून बघायला लागल्या. त्यांनाही हे आजच कळत होतं.

सूर्यभानराव व्यवहारी माणूस. त्यांनी घसा साफ केला. "ते ठीक हाय. पण एकदा पक्कं कळू द्या. म्हंजे टक्के किती धरायचे?"

"पप्पा," संघप्रिया जिन्यातूनच म्हणाली, "इचारायचं ते मी इचारलंय. मला पसंत हायेत."

सूर्यभानरावांनी मुलीकडे बघितलं, मग बायकोकडे. मग त्यांनी बशी उचलली आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.